वाऱ्याच्या खांबावरचा झेंडा

२८ मे २०००

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. माफी कुणाची मागतोय ते मलाच ठाऊक नाही. ही वही गंगानं दिली. संक्रांतीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, दिवसभर मनाशी पुटपुटत बसता, त्यापरीस लिवून काढत जावा." लेकीचं मन राहावं म्हणून एक पान लिहिलं आणि वही ट्रंकेत टाकली. आज काढली. जिवाला घोर आहे आणि गंगाची आई वारल्यापासून घरात बोलायला माणूस नाही.

शाळा चौथीपर्यंत. पुढं सगळा जन्म थर्मलमध्ये, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रात गेला. चुका होतील.

आज वा. जोराचा, पश्चिमेचा. (वा. म्हणजे वारा. रोज लिहायचं तर पूर्ण कशाला.)

३० मे

वा. तसाच.

घोर कशाचा ते लिहितो. शिवरात्रीच्या आधी एका कंपनीनं आमच्या महादेवाच्या टेकडीवर लोखंडी खांब उभा केला. वर दोन उंचीवर आडव्या दांड्यांना वाट्या बसवल्यात, त्या वाऱ्यानं फिरतात. खाली कुलूपबंद डबा, त्यात वाऱ्याचा वेग आपोआप टिपला जातो. पावसाळा संपेपर्यंत वारा मोजायचा. पुरेसा निघाला तर टेकडीवर पवनचक्क्या लागणार. खांबाची राखण मला दिली. मी लाइटीतला माणूस असं कुणीतरी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे अभय म्हणून पुण्याचा इंजिनिअर, माझ्या पोराहून, मन्मथहून लहान. गावासारखंच तोही अप्पा म्हणतो.

खांब उभा राहिला आणि गाव बिघडलं. देवळाच्या कळसाहून उंच काही नसावं अशी इथली रीत. देवळाचे स्वामी माझ्या ओट्यावर येऊन ओरडले, "अप्पा, देवाच्या डोस्क्यावर लोखंड? अन् राखण तुमी करताव?" पोरं खांबाला ताणलेल्या तारा तोडायला निघाली. तेव्हा तोड मीच काढली. म्हणालो, चैत्राच्या जत्रेत कळसावर जो झेंडा चढतो तो यंदा खांबाच्या शेंड्याला बांधा. मग खांब देवाचाच झाला. सगळे खूश. स्वामींचा पुतण्या बसू दरवर्षी कळसावर चढतो, तोच खांबावर चढला. पंचांसमोर मला फेटा बांधला. जन्मात पहिल्यांदा. थर्मलमध्ये रिटायर होताना नुसता चहा पाजला होता.

तो फेटा अजून खुंटीवर आहे. साहेबांना मात्र विचारलं नाही. बसूचं फोनचं बूथ आहे, त्यावर आज साहेबांचा निरोप आला, दोन तारखेला येतो म्हणून.

१ जून

वा. कमी.

झेंडा काढवला. स्वामींना म्हणालो, मळलाय, धुवून देतो. बसू वरून हसतोय, "देवाचा झेंडा धुवायला काढतेत व्हय अप्पा? सायबाला भेताव म्हना की!"

खाली आल्यावर झेंडा गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "कापडाचं टोक दांडीत गुतलतं. वरची वाटी फिरतच नव्हती बगा."

मी ऐकलं. त्याला म्हणालो, चहा घे.

३ जून

काल साहेब आले. डब्यातली चिप काढली, दुसरी घातली. ओट्यावर चहा. मी विचारलं, "साहेब, वारा तर लहरी. वारा आला म्हणून थर्मलचा सेट बंद केला अन् वारा पडला, तर? थंड भट्टी परत पेटवायला तेल किती ओतावं लागतं, मी बघितलंय."

म्हणाले, "बंद नाही करायचा अप्पा, कमी करायचा. तुमच्या वेळी नाही का कंट्रोल रूमला फोन यायचा, लोड उतरवा, वीज कमी करा म्हणून?"

यायचा. मग आमचे कोळसा वाहणारे पट्टे सावकाश व्हायचे.

"तेच. इकडे वारा चढला की तिकडे कोळसा उतरवायचा. वारा पडला की परत चढवायचा. सेट गरम ठेवावा लागतो, त्याचा खर्च आहे, नाही म्हणत नाही." मग काडीनं अंगणात दोन वाकड्या रेघा काढल्या. एक वर गेली की दुसरी खाली. "नुसतं स्वस्त बघायचं तर कोळसाच जाळत बसा. राख-धूर मुळीच नको म्हणाल तर पडल्या वाऱ्यात अंधारात बसा. या दोन्हीच्या मधली जागा शोधायची, एवढंच आमचं काम."

मी म्हणालो, "पण कोळसा स्वस्तच की."

"स्वस्त दिसतो. राखेचा खर्च त्याच्या बिलात कोण धरतो?"

मला नात आठवली, गंगाची पारू, राखेच्या गावात वाढणारी. झेंड्याचं त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. साहेब दोनदा म्हणाले, "काही अडचण नाही ना खांबाची?" मी दोनदा नाही म्हणालो. त्यांनी माझ्या पायाला हात लावला, मोटारीत बसून गेले.

५ जून

वा. जोरात.

स्वामी: "झाला का धुवून?" हो म्हणालो. बसूनं परत बांधला. मी खाली उभा होतो. पहिल्यांदा बांधला तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ठाऊक होतं. हे लिहून ठेवतो, नंतर मीच स्वतःला दुसरं काही सांगायला नको.

पुढच्या वेळी साहेबांना सांगेन.

१४ जून

गंगाकडं जाऊन आलो. तिचं सासर राखेच्या तळ्याखालच्या गावात. थर्मलमधली राख पाण्यात कालवून त्या तळ्यात सोडतात, उन्हाळ्यात ते सुकतं आणि उडतं. अजून पाऊस बेताचाच, उडतेच आहे. घागरींवर ओलं फडकं. भाकरी टोपल्यात झाकून. पापड बाहेर वाळत घालायची सोय नाही, घरात खाटेवर. जावई दुकानाच्या फळ्या पुसत होते, मला बघून हसले, "मामा, गिऱ्हाईकाला माल दावण्याआधी राखेतनं हुडकावा लागतो."

पारू मांडीवर येऊन बसली. श्वास घेताना छातीत मांजर बसल्यासारखा आवाज. डॉक्टर म्हणतात धुळीपासून लांब ठेवा. गंगा म्हणते, "लांब म्हंजे कुटं? तुमच्याकडं ठिवू का कायमची? शाळा?"

मग म्हणाली, "बाबा, तुमच्या टेकडीवर पंखे लागले की इकडं कोळसा कमी जळंल का?"

मला काय वाटलं कोण जाणे, मोठेपणा आला. पाटावर राख बसली होती, त्यातच बोटानं साहेबांसारख्या दोन रेघा काढून दाखवल्या. ही चढली की ही उतरते. म्हणालो, "राख जाणार न्हाई. पर वारा हाय तेवढा येळ थोडी कमी पडंल. आन् पावसाळ्यात तर लईच कामाचं. कोळसा ओला हुतो, चिखलावानी चिकटतो, आमी सळया घालून काडायचो, जाळ टिकावा म्हनून वरनं तेल. तवाच टेकडीवर वारा सगळ्यात जास्त."

गंगा रेघांकडं बघत राहिली. "थोडी तर थोडी," म्हणाली. पाट पुसला नाही.

त्याच खांबावर झेंडा बांधून आलोय हे माझ्या तोंडून निघालं नाही.

१६ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायचं म्हटलं की तेच लिहावं लागतं.

मन्मथ आला होता. थर्मलच्या कोळशाच्या आवारात कंत्राटदाराकडं आहे. कायम होईल होईल म्हणून वाट बघतो. जेवायला बसला आणि ताट ढकललं. "आमच्यातले लोक म्हनतेत, वारा आला की जुने सेट बंद करनार. पयली कुऱ्हाड कंत्राटावर. आन् वर मला इचारतेत, काय बे मन्मथ, तुजा बाप वारा राखतो म्हनं, गाठोडं बांदून ठिवतो का?"

मी म्हणालो, बंद नाही करत, कमी करतात.

"कमी काय आन् बंद काय. कमी मान्सं लागत्याल न्हवं? तुमी कावून त्या खांबाच्या नादी लागलाव बाबा?"

माणसांचं काय होणार ते साहेबांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

एका लेकराच्या अंगावर राख पडते, दुसऱ्याच्या ताटात त्याच राखेच्या जिवावर भाकर येते. खांब मधे.

७ ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. नवा झेंडा, आधीपेक्षा मोठा. वा. असा की देवळाच्या पायरीवर उभं राहवेना. बायकांनी पदर तोंडात धरलेले. मान वर करून बघितलं, झेंडा फडाफडा, आणि त्याच्या आडोशाची वाटी थांबत थांबत फिरतेय. खालची भिरभिर फिरते, वरची म्हाताऱ्यासारखी.

आज बोलायचंच म्हणून स्वामींकडं गेलो. त्यांच्याभोवती माणसं. मला बघून म्हणाले, "या अप्पा, तुमच्यामुळं देवाचा मान राहिला." सगळे बघायला लागले. हात जोडले, प्रसाद घेतला, उतरलो.

२० सप्टें.

वा. उतरणीला लागला. चांगला वारा गेला सगळा झेंड्यात.

४ ऑक्टो.

साहेब येऊन गेले. झेंडा कालच काढून ठेवला होता. आता बसू हसत नाही, न सांगताच चढतो, साहेब गेले की परत बांधतो. या वेळी साहेबांनी आख्खा डबाच काढून नेला, तपासायचा म्हणाले. मी पिशवीत शेंगा दिल्या. त्यांनी हौसेनं घेतल्या. माझ्या हातून शेंगा घेतल्या, याचीच लाज वाटते.

१३ ऑक्टो.

बूथवर साहेबांचा फोन. "अप्पा, वाईट वाटतंय. तुमच्या टेकडीवर वारा आहे, पण चक्कीला पुरेल एवढा नाही. कमी वाऱ्यात चक्की उभी केली तर युनिट महाग पडतं, मग वीज बोर्ड म्हणतं कोळसाच बरा. कंपनी दुसरी टेकडी बघतेय. दिवाळीनंतर खांब उतरवायला माणसं पाठवतो."

मी बरं म्हणालो.

जे झालं ते लिहितो. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मन्मथचं बरं झालं असं मनात आलं. आता कुणाला सांगायची गरज नाही असंही आलं. बसू काउंटरमागून बघत होता. "काय म्हनले सायब?" मी म्हणालो, "वाराच न्हाई म्हणे."

बसूनं दाराकडं बघितलं. बाहेर त्याच्या बूथची पाटी वाऱ्यानं भिंतीवर आपटत होती. मग म्हणाला, "अप्पा, वारा न्हाई म्हनताना आपलं तोंड तरी बगा."

३० ऑक्टो.

गंगा भाऊबीजेला आली. काल मन्मथला ओवाळलं. पारूला इथं आल्यापासून धाप नाही, टेकडीवर चढून आली, गाल लाल.

संध्याकाळी मन्मथ गेला. गंगा चुलीपाशी बसली. "बाबा, पंख्याचं काय झालं?"

"न्हाई लागत. वारा न्हाई म्हणे पुरंसा."

तिनं मान वर केली. "कुटं न्हाई?"

"टेकडीवर."

"आपल्या टेकडीवर वारा न्हाई?" हसली आधी. मग हसू गेलं. "आई दर सोमवारी वर जाताना पदराच्या टोकात खडा बांधायची. मीच हुडकून द्यायची खडा. न्हाईतर पदर उडून तोंडावर यायचा. तिथं वारा न्हाई?"

मी लाकूड पुढं सरकवलं.

"बाबा, माज्याकडं बगा. तुमी कायतरी केलंव का?"

झेंड्याचं सांगितलं असतं तर ती ओरडली असती, रडली असती, मग भाकरी वाढली असती. मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत न्हाई, गंगे."

पहाटेच्या गाडीनं जायचं नव्हतं तिचं. गेली. अनारशाचा डबा कट्ट्यावरच राहिला. पारू गाडीतून हात हलवत होती, गंगानं बघितलं नाही.

७ नोव्हें.

वा. बदलला, आता पूर्वेकडून. गार, कोरडा. तिकडं राखेचं तळं सुकायला लागलं असेल.

गंगाचा निरोप नाही. एरवी पोचल्यावर बूथवर फोन करते. जावयांच्या दुकानाशेजारी फोन आहे, मी दोनदा लावला. एकदा शेजाऱ्यानं उचलला, म्हणाला बोलावतो, आणि परत येऊन म्हणाला, "कामात हायती."

११ नोव्हें.

अन्न जात नाही. खुंटीवरचा फेटा उतरवून ट्रंकेत ठेवला. तरी तिकडंच नजर जाते. खुंटी रिकामी दिसते, तेही बरं वाटत नाही.

१३ नोव्हें.

सोमवार. आरती झाल्यावर माणसं होती तिथंच स्वामींना सांगितलं. झेंड्यानं वारा अडला, वाटी गुंतली, मला जूनपासून ठाऊक होतं, मी गप्प बसलो. खांब उतरवायला माणसं येणार आहेत. झेंडा कायमचा काढू द्या, मी साहेबांना फोन करतो.

वाटलं होतं मारतील. एकजण म्हणाला, "मंग फेटा कशापायी बांदला म्हाताऱ्याला?" दोघं-तिघं हसले.

स्वामींनी उपरणं झटकलं. "मी रागाच्या भरात बोललो असंल. पर अप्पा, तुमी नुसतं म्हनला असतात की झेंड्यानं काम अडतंय, तर काय मी न्हाई म्हनलो असतो? देवाला उंची कावून लागती? ती तुमाला लागलती."

बसू चपला काढून खांबाकडं चालू लागला, कुणी सांगायच्या आधी.

१४ नोव्हें.

बूथ. भर दुपार, चार माणसं बाकावर, कुणी उठेना. बसू त्यांना म्हणाला, "जावा की बाहेर." मी म्हणालो, बसू दे. काल सगळ्यांसमोर झालंय, आज काय लपवायचं.

साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं लाईन गेली. हॅलो हॅलो केलं.

"ऐकतोय अप्पा." आवाज वेगळा होता. "मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला."

"हो साहेब."

"या टेकडीसाठी मी वरच्यांशी भांडलो होतो. आकडे आल्यावर ते हसले मला."

मी रिसीव्हर घट्ट धरून उभा.

मग त्यांनी विचारलं, "झेंडा कुठल्या बाजूला होता? वरच्याच वाटीच्या आड, का खालच्याही?"

"वरच्या. पश्चिमेकडून. खालची चांगली फिरायची. मी बघत होतो रोज."

"रोज बघत होता," म्हणाले. मग कागदांचा आवाज. "खालच्या वाटीचे आकडे आहेत माझ्याकडे. आणि जत्रेच्या आधीचे वरचेही. त्यावरून काही सांगता येईल का बघतो. पण नुसत्या अंदाजावर कंपनी पैसा घालत नाही. अजून एक पावसाळा मोजायला लागेल, आणि ते माझ्या हातात नाही. विचारतो."

मी म्हणालो, "साहेब, खांब तरी ठेवा. राखण फुकट करतो."

"राखणीचं राहू दे," म्हणाले. रागानं नाही. त्यानं जास्त लागलं. "कळवतो."

मन्मथलाही सांगायचं आहे. त्याला सांगणं यापेक्षा अवघड, कारण त्याच्याकडं तोंड केलं की मी खांब वाचवतोय आणि त्याचं काम बुडवतोय असंच दिसणार. साहेबांना फोनवर विचारलं होतं, कंत्राटी माणसांचं काय होतं. म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही अप्पा." खोटं तरी बोलले नाहीत.

१६ नोव्हें.

गंगाकडं गेलतो. बोलवत नव्हती, पण गेलो. दारातच सांगितलं, बसायच्या आधी. जावई दुकानात होते, पारू खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेली, उशाशी औषधाची बाटली. गंगा ऐकत उभी. सगळं झाल्यावर आत गेली. पाणी घेऊन येईल म्हणून थांबलो. आली नाही. अनारशाचा डबा उंबऱ्यावर ठेवला.

पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर राख होती. रेघा कधीच पुसल्या गेल्या असतील, तरी मी वाकून बघितलं.

१९ नोव्हें.

वा. पूर्वेचा, भरपूर. टेकडीवर जाऊन बसलो. झेंडा नाही, वरची वाटी आता मोकळी फिरते, बघत राहावं अशी. पण खाली डबा नाही, साहेबांनी नेलेला. नुसत्या तारा लोंबतायत. एवढा वारा फुकट वाहून चाललाय आणि कुठं टिपला जात नाही. हाच गंगाच्या गावावरही गेला असेल.

खांब उतरवणारी माणसं अजून आलेली नाहीत. येणार नाहीत म्हणून नाहीत, का नुसताच उशीर झालाय म्हणून, कळायला मार्ग नाही. खाली रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उठून बघतो.

बसूला सांगून ठेवलंय, माझ्यासाठी फोन आला तर शेताकडून ओरड, मी येतो धावत. म्हणाला, "धावायचं वय हाय का? या हळूहळू, मी लाईन धरून ठिवतो."

साहेब, काय ते लवकर कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, पण कळवा. गंगे, तुला काही विचारत नाही. पारू रात्री झोपली का, तेवढं कुणाच्या तरी तोंडी सांग. लवकर सांग.